तंतोतंत बसणारा बूट

उस्तादांच्या दुकानात एकच नियम होता: पाय कधी चुकत नाही, चुकतो तो बूट. हा नियम कुठे लिहून लावलेला नव्हता, कारण उस्ताद तो दिवसातून चार वेळा तोंडी सांगत आणि पाचव्यांदा ऐकायला कोणी थांबत नसे. गिऱ्हाईक लंगडत आलं, टाचेला फोड घेऊन आलं, की उस्ताद त्याच्या तोंडाकडे बघतसुद्धा नसत. बूट हातात घेऊन त्यालाच दरडावत, "काय रे, काय केलंस यांना?" बूट अर्थातच गप्प बसे. गिऱ्हाइकाला मात्र कोणीतरी आपली बाजू घेतली एवढ्यानंच निम्मं बरं वाटे.

हातानं बूट बनवणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत. उस्ताद उरले होते. त्यांच्या दुकानाच्या मागच्या भिंतीला छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर फर्मे होते. फर्मा म्हणजे पावलाचा लाकडी साचा. त्यावर कातडं ताणायचं आणि बूट शिवायचा. प्रत्येक कायमच्या गिऱ्हाइकाचा वेगळा जोड. माणसाचा पाय वयानुसार बदलतो, पण म्हणून उस्ताद नवा फर्मा कोरत बसत नसत. पाय जिथे वाढला असेल तिथे जुन्याच फर्म्यावर कातड्याची पातळ पट्टी चिकटवत, आणि पट्टीवर पेन्सिलीनं तारीख आणि माप लिहीत. कोणाच्या अंगठ्याचं हाड बाहेर आलं, कोणाला बसून खायची बढती मिळाली, सगळं त्या भिंतीवर तारीखवार होतं. उस्ताद हे कोणाला सांगत नसत. निदान पूर्ण नाव घेऊन सांगत नसत.

डोळ्यांसमोरच्या फळीवर त्यांच्या बायकोचा फर्मा होता. बायको टपाल खात्यात. सव्वीस वर्षं पायी फिरून पत्रं वाटत होती, आणि तिच्या वाटेवरचे लोक तिला टपालबाई म्हणत. ओळख झाली तीच मुळी बुटावरून. तरुणपणी ती दुकानात आली आणि झिजलेला बूट टेबलावर आपटून म्हणाली, "तीन महिन्यांत हे असं होतं. बूट वाईट आहे की मी?" उस्तादांनी नियम सांगितला. तिसरा जोड बनवताना त्यांनी धीर करून लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, "आधी हा जोड किती टिकतो ते बघू." जोड अकरा महिने टिकला. लग्न अजून टिकून होतं.

मागच्या वर्षी टपालबाईंच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशन झालं, केमोथेरपी झाली. केस गेले, आणि परत आले ते कुरळे आले. "असा अर्ज मी कुठेही केला नव्हता," त्या आरशाला म्हणाल्या. आता राहिली होती ती दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून घ्यायची इंजेक्शनं. एकूण अठरा. त्यांच्या प्रकारच्या गाठीवर हे औषध नेमकं लागू पडतं आणि पूर्ण घेतलं तर गाठ परत यायची शक्यता बरीच कमी होते, असं कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. टपालबाईंनी तो आकडा मनात पक्का केला. अठरा नग हातात दिलेत, एकही परत आणायचा नाही. त्यातले नऊ पोचते झाले होते.

त्याच डॉक्टरांनी सुरुवातीलाच आणखी एक गोष्ट सांगितली होती. "हे औषध गाठीशी भांडतं, पण काही जणांच्या हृदयाच्या स्नायूलाही दमवतं. म्हणून दर तीन महिन्यांनी इको करायचा. छातीवरून यंत्र फिरवून हृदय रक्त किती जोमानं बाहेर ढकलतंय ते आम्ही बघू. मधल्या दिवसांत बघायचं काम तुमचं." आणि हातात एक कागद दिला. धाप लागणं. पावलं, घोटे सुजणं. थोड्या दिवसांत वजन भराभर वाढणं. उताणं झोपलं की गुदमरणं. छातीत धडधडणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी फोन करा.

कागद फ्रिजवर चिकटवला ताईंनी. ताई म्हणजे टपालबाईंची मोठी बहीण. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होत्या. निवृत्त झाल्या तरी स्वयंपाकघरात शिरताना "पुढे सरका" म्हणाल्याशिवाय त्यांचं पाऊल आत पडत नसे. बहिणीच्या आजारपणात पंधरा दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या, त्याला आता आठवा महिना लागला होता. जेवताना त्या परीक्षा घेत.

"उस्ताद, तिसरं काय?"

"वजन."

"नुसतं वजन नाही. भराभर वजन. नीट पाठ करा."

तर मुद्दा असा की, त्या घरात तो कागद सगळ्यांना तोंडपाठ होता. पुढे जे झालं ते अडाणीपणामुळे झालं नाही. तिघंही आपापल्या कामात फार हुशार होती, त्यामुळे झालं.

नवव्या इंजेक्शननंतर पाचव्या दिवशी टपालबाई सकाळचं चालणं उरकून दुकानावरून येताना आत डोकावल्या. रोज अर्धा तास चालायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. हृदयाला आणि मनाला दोन्हीला बरं असतं म्हणून.

"अहो, डावा बूट जरा चावतोय."

उस्तादांच्या हातातली कातडं कापायची रापी खाली पडली. सव्वीस वर्षांत त्यांचा बूट बायकोला चावला नव्हता. भांडणं झाली होती, एकदा तर टपालबाई चार दिवस बोलल्या नव्हत्या, पण त्या चार दिवसांतसुद्धा बूट चावला नव्हता.

"काढ," ते म्हणाले. बुटाला म्हणाले, "लाज वाटत नाही?"

त्यांनी पायाचं माप घेतलं. एक सूत जास्त भरलं. त्यांनी फर्म्याच्या डाव्या पावलावर एक पट्टी चिकटवली, तारीख टाकली, बूट ओला करून फर्म्यावर चढवला, ताणला, वाळवला. दुसऱ्या दिवशी बूट तंतोतंत बसला.

चार दिवसांनी उजवाही चावला आणि डावा पुन्हा चावला. उस्तादांनी दोन्ही बूट ताणले, फर्म्यावर दुसरी पट्टी चढवली, आणि कातडंवाल्याला एक खरमरीत पत्र लिहिलं की तुमचं कातडं हल्ली वाळल्यावर आकसतं, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्यांच्या संबंधांना शोभत नाही. कातडंवाल्यानं उलट टपाली कळवलं की आमचं कातडं होतं तसंच आहे, आपण चष्मा तपासावा. उस्तादांनी चष्मा तपासला. चष्मा ठीक निघाला, म्हणजे कातडंवाला खोटा ठरला. तिसरी पट्टी त्याच दिवशी चढली.

इकडे ताई खुशीत होत्या. केमोपासून टपालबाईंच्या तोंडाची चव गेली होती. सगळं अन्न त्यांना पुठ्ठ्यासारखं लागे. ताईंनी त्यावर उपाय शोधला होता, आणि उपायाचं नाव मीठ. सूपमध्ये मीठ, अंड्यावर मीठ, मधल्या वेळेला खारी बिस्किटं. दर शनिवारी त्या बहिणीला वजनकाट्यावर उभं करत, आणि काटा पुढे सरकला की स्वतःच टाळ्या वाजवत.

"दोन शनिवारात तीन किलो! याला म्हणतात अन्न अंगाला लागणं."

"ताई, कागदावर भराभर वजन असं आहे ना गं?" टपालबाईंनी विचारलं.

"ते आजाराचं वजन. हे सुपाचं आहे. मला फरक कळत नाही होय? तीस वर्षं नुसत्या चेहऱ्यावरून विनातिकीट माणूस ओळखलाय."

टपालबाईंना हे पटलं, कारण त्यांना स्वतःलाही एक शोध लागला होता. घराच्या तिसऱ्या मजल्यावर चढताना हल्ली दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागत होतं. पण सव्वीस वर्षं लोकांचे जिने चढलेल्या बाईला जिन्यातलं कळतं. कुठला जिना किती पायऱ्यांचा, कुठल्या बिल्डरनं पायरी अर्धा इंच उंच करून एक पायरी वाचवली, त्यांना पाठ होतं.

"आपला जिना मुळात चुकलेला आहे," त्या दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून म्हणाल्या. "वरच्या सात पायऱ्या उंच आहेत. इतकी वर्षं माझ्या लक्षात कसं आलं नाही?"

"बिल्डर चोर," ताई पाठीमागून म्हणाल्या.

"उशीही गेली आहे. एका उशीवर श्वास अडकतो. तीन लागतात."

"कापूस बसला असेल. नवी आणू."

अशा रीतीनं बूट, सूप, जिना आणि उशी यांच्यावर सगळा ठपका ठेवून झाला. फ्रिजवरचा कागद एकटाच राहिला. त्याच्याकडे कोणी बोट दाखवलं नाही.

दहाव्या इंजेक्शनच्या दिवशी तिघंही इस्पितळात गेली. इंजेक्शनच्या वॉर्डात खिडकीकडेनं आरामखुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीजवळ सलाइनचा खांब. तिथल्या सिस्टर उंच, सावकाश बोलणाऱ्या, आणि कधीच न हसणाऱ्या. त्या दर वेळी एक फॉर्म भरून घेत.

"धाप लागते?"

"नाही," टपालबाई म्हणाल्या. "जिना चुकलेला आहे."

सिस्टरांनी पेन थांबवलं, पण पुढे विचारलं. "पाय सुजतात?"

हा प्रश्न आपल्या खात्याचा आहे असं समजून उस्ताद पुढे झाले. "मुळीच नाही. पायाची जबाबदारी माझी आहे. बूट तंतोतंत बसतो. बघा, एक सूतभरही घट्ट नाही."

"वजन?"

"तीन किलो!" ताईंनी छाती पुढे काढली. "दोन आठवड्यांत!"

सिस्टरांनी पेन खिशात ठेवलं. "बूट काढा," त्या म्हणाल्या.

बूट काढला. मोजा काढला. मोज्याच्या रबराची खोल खूण घोट्याभोवती उमटलेली होती. सिस्टरांनी नडगीवर अंगठा दाबला, पाच आकडे मोजले आणि उचलला. अंगठ्याचा खळगा तसाच राहिला. चौघं त्याच्याकडे बघत राहिली.

"हा बूट कोणी बनवला?"

"मी," उस्ताद म्हणाले.

"कधी?"

उस्ताद आयुष्यात प्रथमच बुटाविषयी हळू आवाजात बोलले. "चार वेळा."

मग सगळं भराभर झालं. कॅन्सरचे डॉक्टर आले, त्यांनी स्टेथोस्कोप लावला, आणि इको पुढच्या महिन्यात ठरला होता तो तासाभरात झाला. सुरुवातीच्या इकोत हृदय दर ठोक्याला आपल्यातलं बासष्ट टक्के रक्त बाहेर टाकत होतं. आज आकडा आला चव्वेचाळीस.

"आज इंजेक्शन देता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग उद्या?"

"उद्याही नाही, बाई."

ऊन असो, पाऊस असो, दारात कुत्रा असो, टपालबाईंनी टपाल कधी माघारी आणलं नव्हतं. आता अर्ध्या वाटेत पिशवी काढून घेतल्यासारखे त्यांचे हात मांडीवर पडले होते. "नऊ राहिलीयत," त्या एवढंच म्हणाल्या. ताईंनी बहिणीचा हात धरला, आणि इतकी वर्षं सगळ्यांना पुढे सरकवणाऱ्या ताई तिच्या खुर्चीला चिकटून उभ्या राहिल्या.

त्यांना वरच्या मजल्यावर हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. या डॉक्टरीणबाई वयानं लहान, केस आवळून बांधलेल्या, टेबलावर प्लास्टिकचं हृदय. कॅन्सरच्या रुग्णांची हृदयं सांभाळणं हेच त्यांचं काम.

"आधी एक गोष्ट स्पष्ट करते," त्या म्हणाल्या. "इंजेक्शनं बंद केलेली नाहीत. थांबवलीत. हृदयाचा स्नायू दमलाय. या औषधानं दमलेला स्नायू बऱ्याचदा सावरतो, वेळेवर कळलं तर. म्हणून मला सांगा, सूज कधीपासून आहे?"

टपालबाईंनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी उस्तादांकडे पाहिलं.

"असेल आठवडाभर," ताई म्हणाल्या.

"महिना असेल," टपालबाई म्हणाल्या.

"आठवडा की महिना, फार फरक पडतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषधाच्या तारखांशी जुळवून बघायचंय."

उस्ताद उठून उभे राहिले. "अर्धा तास द्या," असं म्हणून ते निघूनच गेले.

"हे असे कुठे गेले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"लाज वाटली की ते दुकानात जातात," टपालबाई म्हणाल्या.

अर्ध्या तासाची चाळीस मिनिटं झाली तेव्हा उस्ताद धापा टाकत परत आले. त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर, प्लास्टिकच्या हृदयाशेजारी, दोन लाकडी पावलं ठेवली.

"हे काय?"

"ही हिची पावलं," उस्ताद म्हणाले. "म्हणजे फर्मा. सव्वीस वर्षांत यावर दोन पट्ट्या होत्या. आता मोजा."

डॉक्टरीणबाईंनी लाकडी पाऊल उचललं. घोट्याच्या बाजूला कातड्याच्या पट्ट्या एकावर एक होत्या, कडेला पेन्सिलीचं बारीक अक्षर. त्या वाचू लागल्या. "पाच तारीख, डावा, एक सूत. नऊ तारीख, दोन्ही, एक सूत. चौदा... अठरा, दोन्ही, दीड सूत. सूत म्हणजे?"

"इंचाचा आठवा भाग."

"नववं इंजेक्शन कधी झालं?"

"एकतीस तारखेला," टपालबाई म्हणाल्या. तारखा त्यांच्या चुकत नसत.

डॉक्टरीणबाई कागदावर आकडे मांडत गेल्या. मग खुर्चीत मागे रेलल्या. "म्हणजे सूज जेमतेम सोळा दिवसांची आहे, आणि कशी चढत गेली तेही कळलं. मला वाटलं होतं त्याहून आपण लवकर आलोय." त्यांनी मोबाईल काढला आणि फर्म्याचे सगळ्या बाजूंनी फोटो घेतले. "इतक्या नीट नोंदी आमच्या इस्पितळात होत नाहीत. एकच अडचण आहे, काका. नोंद करणाऱ्यानं त्या वाचायच्याही असतात."

उस्तादांनी मान खाली घातली. "पाय कधी चुकत नाही असं मी लोकांना सांगत आलो."

"खरंच आहे. पाय बरोबर सांगत होता. तुम्ही दर वेळी त्याला ताणून गप्प केलंत."

खाली उतरताना उस्तादांनी दोन्ही फर्मे कोटाच्या आत लपवले होते, चोरीचा माल न्यावा तसे. "अगं, माझ्याच हातनं," ते सुरू झाले.

"अहो, पुरे. मी जिन्याला दोष दिला, हिनं सुपाचं कौतुक केलं. तुम्ही एकट्यानं सगळं श्रेय घेऊ नका."

"मी सुपात मीठ..." ताईंनी पदर डोळ्यांना लावला.

"ताई, तू रडलीस तर माझं इथेच धडधडेल, आणि मग पुन्हा वर जावं लागेल."

ताईंनी रडणं रद्द केलं.

सहा आठवडे मिळाले होते. सहा आठवड्यांनी पुन्हा इको, आणि आकडा सुधारला तर दोन्ही डॉक्टर बसून दहाव्या इंजेक्शनचं ठरवणार. तोवर हृदयाच्या दोन गोळ्या, अंगातलं पाणी काढणारी एक, मीठ मोजून, रोज सकाळी एकाच कपड्यांत वजन, आणि चालणं दहा मिनिटांपासून सुरू करून हळूहळू वाढवायचं.

पाणी काढणारी गोळी फार कर्तव्यदक्ष निघाली. दर अर्ध्या तासाला बोलावणं येई. पण टपालबाईंची तयारी होती. सव्वीस वर्षांच्या फिरतीत कुठल्या घरी बिनदिक्कत आत जाता येतं आणि कुठल्या घरी फक्त "कोण आहे?" असं आतून विचारतात, याचा नकाशा त्यांच्या डोक्यात होता. चालायचा रस्ता त्यांनी त्या नकाशावर बेतला. लोकांना वाटलं, टपालबाई बऱ्या होऊन सगळ्यांना भेटत फिरतायत. दोन घरांनी तर त्यांच्यासाठी नवा टॉवेल काढून ठेवला.

ताईंनी मिठाची बरणी कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. बिनमिठाच्या सुपाला चव यावी म्हणून त्यांनी लिंबू पिळलं, मिरी घातली, लसूण भाजून घातला, आणि चौथ्या प्रयत्नात टपालबाईंनी दुसरा वाडगा मागितला. रोज सकाळी वजनकाट्याजवळ ताई पेन्सिल घेऊन उभ्या राहत. काटा मागे सरकला की आता टाळी वाजे. तीस वर्षं ज्यांनी गाडी भरल्याचा आनंद मानला, त्या आता गाडी रिकामी होण्याचा आनंद मानू लागल्या होत्या, आणि हा बदल त्यांना वाटला होता तितका जड गेला नाही.

जड गेलं ते उस्तादांना. दहाव्या दिवशी टपालबाई दुकानावरून जाताना आत आल्या. "अहो, बूट ढिला झालाय!"

उस्तादांचा हात आपसूक पट्टीकडे गेला.

"हात लावायचा नाही!"

"अगं, आतून एक पातळ तळ टाकतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

"बिलकुल नाही. माप घ्या, लिहा, आणि ठेवा."

"फटाफट वाजतोय. लोक काय म्हणतील? उस्तादांच्या बायकोच्या पायात हा असला बूट!"

"म्हणू देत. मला आवाज आवडला."

त्यानंतर टपालबाई दिवसातून दोनदा, मुद्दाम, दुकानासमोरून जाऊ लागल्या. फटाक, फटाक. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असे, उस्ताद त्याला बुटाची मापं समजावत असत, आणि बाहेरून त्यांची अब्रू रस्त्यानं वाजत जाई. गिऱ्हाईक वळून बघे. "काय उस्ताद, घरच्यांचाच बूट ढिला?" उस्ताद दात आवळून म्हणत, "हो. देवाची कृपा." गिऱ्हाइकाला काही कळत नसे. दुसऱ्या महिन्यात दोघा जणांनी आपला नवा जोड जरा ढिलाच ठेवायला सांगितला. तीच नवी पद्धत आहे असं त्यांचं मत झालं होतं.

चौथ्या आठवड्यात टपालबाई एका उशीवर झोपू लागल्या. पाचव्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर न थांबता चढून गेल्या, आणि वर पोचल्यावर म्हणाल्या की या जिन्याचा बिल्डर माणूस बरा असावा.

पण इकोच्या दिवशी सकाळी त्यांनी काही खाल्लं नाही. आकडा त्यांच्या हातात नव्हता. पायरी मोजता येते, पत्र मोजता येतं. आपलंच हृदय आत काय करतंय ते दुसऱ्याच्या पडद्यावर बघावं लागतं. त्या कुशीवर झोपल्या, छातीवर थंडगार जेल लागलं, आणि यंत्र चालवणारे गृहस्थ बटणं दाबत राहिले. दाराबाहेर उस्ताद आणि ताई एका बाकावर बसले होते. नऊ महिने एका घरात राहून त्यांच्यात एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. आज दोघांनीही एकाच वेळी घड्याळ पाहिलं, एकाच वेळी उसासा टाकला, आणि दचकून एकमेकांकडे बघितलं.

"उस्ताद, नाही वाढला तर?" ताईंनी विचारलं.

"तर पुन्हा सहा आठवडे."

"आणि तरी नाही?"

उस्ताद ताईंच्या चपलांकडे बघत म्हणाले, "तुमची डावी टाच बाहेरून झिजते. मी तुम्हाला जोड करून देतो."

"नऊ महिने झाले, आज सुचलं?"

"तुम्ही पंधरा दिवसांनी जाणार होता."

दार उघडलं. हृदयाच्या डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या, हातात कागद. त्यांनी कुठलीही प्रस्तावना केली नाही. "छप्पन्न," त्या म्हणाल्या.

ताईंनी टाळी वाजवली आणि बाकावरची तीन अनोळखी माणसंही टाळ्या वाजवू लागली, कारण रांगेत कोणी टाळी वाजवली की काहीतरी चांगलं झालं असणार, एवढं सगळ्यांनाच कळतं.

दोन्ही डॉक्टर बोलले. हृदयाच्या गोळ्या चालू ठेवायच्या, इको आता तीन महिन्यांऐवजी दर सहा आठवड्यांनी, आणि इंजेक्शनं पुढे सुरू. चार दिवसांनी टपालबाई खिडकीकडच्या आरामखुर्चीत बसल्या होत्या. सिस्टरांनी शीर शोधली, सुई लावली, सलाइनचा थेंब सुरू केला. दहावं.

"वाटेत कुठे ठेच लागली नाही ना याला?" टपालबाईंनी बाटलीकडे बघत विचारलं.

"वेळेवर पोचलंय," सिस्टर म्हणाल्या, आणि त्या जवळजवळ हसल्या. त्यांनी एक नवा कागद पुढे केला. "हा घरी लावा. अठरा पूर्ण झाल्यावरचा आहे. इंजेक्शनं संपली म्हणून हृदयाची तपासणी संपत नाही. काही त्रास उशिरा दिसतात. ब्लडप्रेशर, साखर, कोलेस्टेरॉल, चालणं, सगळं सांभाळायचं. वर्षातून एकदा इको."

"किती वर्षं?" उस्तादांनी विचारलं.

"पुढची सगळी वर्षं धरून चाला."

"म्हणजे साधारण?"

"आता त्यांचं वय बघता," सिस्टरांनी हिशेब केला, "पंचवीस, तीस इकोची तयारी ठेवा."

टपालबाईंनी डोळे मिटले. दीड वर्ष या इमारतीत त्यांच्याशी सगळे तीन आठवड्यांच्या भाषेत बोलत आले होते. पुढचा डोस, पुढचा रिपोर्ट, पुढची तारीख. फार लांबचं म्हणजे तीन महिने. पंचवीस-तीस वर्षांचं कोणी इतक्या सहज, फॉर्म भरल्यासारखं, प्रथमच बोललं होतं.

"तीस वर्षं दरवर्षी इको?" उस्तादांचा आवाज सगळ्या वॉर्डात घुमला. "सिस्टर, तीस जरा जास्त नाही का होत?"

टपालबाईंनी डोळे न उघडताच मोकळ्या हातानं नवऱ्याची बाही ओढली.

"अहो, हळू बोला. कमी करतील."